शेवटचा हात कोणाचा?

खडूमास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. ते गाड्यांच्या ब्रेकचं काम करत, आणि तेही फक्त ब्रेकचंच. इंजिन तापतंय, गिअर अडतोय असं काही घेऊन कोणी आलं की ते न बोलता रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बोट दाखवत. फार आग्रह झालाच तर म्हणत, "गाडी पळवणारे पुष्कळ आहेत. मी थांबवणारा माणूस."

उजव्या कानावर पांढरा खडू अडकवलेला असायचा, त्यावरून हे नाव पडलं. गाडी आत आली की मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारत आणि चारही चाकांना पालथा हात लावत. तळहात नव्हे. तळहाताला अठ्ठेचाळीस वर्षांच्या कामाने घट्टे पडले होते, त्याला गरम काय आणि गार काय कळत नसे. ज्या चाकाला ताप असेल त्यावर खडूची फुली पडायची. फुली पडल्याशिवाय पान्याला हात नाही, हा नियम.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूनेच लिहिलेले चार प्रश्न होते. पुसट झाले की मास्तर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गिरवत. कधी अडते? गार असताना की तापल्यावर? एकच चाक की सगळी? आणि शेवटचा हात कोणाचा?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लोक खरी देत. चौथ्याला हमखास खोटं बोलत. "कोणी हात लावलेला नाही हो, शपथेवर सांगतो," असं म्हणणाऱ्या एका गृहस्थाच्या गाडीत मेव्हण्याने ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिनचं ऑइल ओतून ठेवलं होतं. आतली सगळी रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. मास्तरांनी ती रबरं एका ताटलीत काढून गृहस्थांपुढे ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मेव्हणे काय करतात?"

शेजारच्या शेडमध्ये पत्रे ठोकणारा डेंटर होता. तो म्हणायचा, "मास्तर, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

"पोलिसांशी माणसं खोटं बोलतात. माझ्याशी गाडीपण बोलते, आणि ती खोटं बोलत नाही."

असा हा माणूस त्या महिन्यात सलग तीन वेळा एकाच गाडीपुढे हरला होता. आणि ती गाडी सख्ख्या थोरल्या बहिणीची होती.

ताई मास्तरांहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मास्तरांचं नाक पुसण्यापासून त्यांना पहिल्या गॅरेजात कामाला चिकटवून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं, ती "धाकट्या" म्हणायची. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते, पण त्याने काही फरक पडला नव्हता.

ताईकडे अठ्ठावीस वर्षांची सायीच्या रंगाची छोटी गाडी होती. नवी घेतली तेव्हापासून तिच्या ब्रेकला मास्तरांशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. पूर्वी तिचं कामही फारसं नसायचं. पण मागल्या वर्षी भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला. भाऊजी घड्याळजी. पन्नास वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. झटक्यात उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात आणायला सांगितलं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये मोठा उतार आणि तीन सिग्नल. सत्तरीला आलेली ताई भाऊजींना शेजारी बसवून, पट्टा लावून, दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी स्वतः गाडी चालवत नेई. पहिल्यांदा भाऊजींना नुसती मूठ वळता आली, तेव्हा तिने दवाखान्यातूनच भावाला फोन केला होता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी गाडी अडायला लागली.

उतार संपता संपता मागून कोणी ओढून धरल्यासारखी गाडी जड व्हायची. जळका वास यायचा. सिग्नल हिरवा झाला तरी ती जागची हलायची नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. मग वीस-पंचवीस मिनिटांनी, काहीच झालं नाही अशा थाटात, ब्रेक आपोआप सुटायचे. मास्तर पोहोचेपर्यंत गाडी गार आणि शहाणी. डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी.

पहिल्या वेळी मास्तरांनी पुढची दोन्ही चाकं उघडली. आतले दट्टे काढून साफ केले, नवी रबरं घातली. अर्धा तास गाडी फिरवली. लोण्यासारखी चालली. पुढच्याच गुरुवारी ताई पुन्हा सिग्नलला अडकली.

दुसऱ्या वेळी रबरी नळ्या बदलल्या. जुनी नळी बाहेरून चांगली दिसते, पण आतून सुजते. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, परत मात्र येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत जायला सोपं, बाहेर पडायला अवघड. मास्तरांना वाटलं, सापडलं. सापडलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी मास्टर सिलिंडरच खाली उतरवला. पेडलच्या पुढे बसणारा आणि चारही चाकांना ऑइल ढकलणारा तो मुख्य पंप. आतली सगळी रबरं नवी घातली. पेडलपासून पंपापर्यंत जाणारी लोखंडी दांडी मात्र होती तशीच ठेवली. तिच्या नटावर सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मारलेली पिवळ्या रंगाची रेघ होती, आणि रेघेला रेघ बरोबर जुळत होती. म्हणजे दांडी एक आटासुद्धा हललेली नव्हती. आपल्या हातचं काम. ते पुन्हा काय तपासायचं?

त्यानंतर शनिवारी गाडी अडली ती भर चौकात. या वेळी एक टेम्पो मागून येऊन हातभर अंतरावर कसाबसा थांबला. भाऊजी घाबरून घामाघूम झाले.

त्या दिवशी मास्तरांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "ताई, उतारावर तू पाय ब्रेकवर ठेवून तर बसत नाहीस ना? नकळत होतं माणसाकडून."

ताईने पर्स खांद्यावर अडकवली. मग म्हणाली, "धाकट्या, तू चालवतोस तेव्हा अडत नाही. म्हणजे माझंच पाऊल जड. असंच ना? सरळ बोल की!"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. तुला सायकल शिकवली तेव्हा ब्रेक कुठे असतो हे मी दाखवलं होतं तुला. आता तू मला दाखव."

दोन दिवस बहीणभाऊ बोलले नाहीत.

मग भाचा आला. ताईचा मुलगा चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात नोकरीला होता. टेम्पोची गोष्ट कळल्यावर तो रजा टाकून आला आणि आईशी न बोलता थेट मामाच्या दुकानात गेला.

"मामा, हा डबा मी विकतोय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "आणि दोघांना माझ्याकडे नेतोय. आता पुरे झालं."

"आणि व्यायाम? तो तिथे..."

"तिथेही दवाखाने आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. पण जिवंत राहतील ना? तुझ्याइतका ब्रेक जाणणारा माणूस गावात नाही असं आई लहानपणापासून सांगते. तीन वेळा उघडलीस तू ती. काय सापडलं, सांग."

मास्तरांनी कानावरचा खडू काढला, पाहिला, परत ठेवला. मुलगा वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

"रविवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "रविवारी सकाळपर्यंत मला सापडलं नाही, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन. ताईला मीच समजावीन."

"नक्की?"

"मामाचा शब्द आहे."

भाचा गेल्यावर डेंटर हातोडी खाली ठेवून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. दोन शेडच्या मध्ये फक्त एक पत्रा होता, आणि तोही त्यानेच ठोकलेला.

"मास्तर, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"गिऱ्हाइकाची गाडी असती तर आधी काय केलं असतं?"

मास्तर भिंतीकडे वळून चार प्रश्न वाचू लागले. कधी अडते, ते माहीत होतं. तापल्यावर, तेही माहीत होतं. सगळी चाकं की एक? ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, कारण अडलेली गाडी त्यांना एकदाही भेटली नव्हती. आणि चौथा प्रश्न ताईला काय विचारायचा? शेवटचा हात त्यांचाच होता.

"मी अडलेली गाडी अजून पाहिलीच नाही," ते हळूच म्हणाले. "बऱ्या झालेल्या रोग्याची नाडी बघत बसलोय तीन आठवडे."

"हां. मग रोगी आजारी पडेल तिथे जाऊन बसा."

शनिवारी सकाळी साडेनऊला मास्तर ताईच्या दाराशी उभे राहिले. हातात पान्यांची पिशवी, ऑइलची बाटली, टॉर्च आणि लाकडाचे दोन ठोकळे.

"आज तू चालव," ते म्हणाले. "रोजच्यासारखी. मी मागे बसतो. तोंडातून शब्द काढणार नाही."

"काढून बघ," ताई म्हणाली. पण दार तिने उघडून दिलं.

भाऊजी पुढच्या सीटवर आधीच बसले होते. उजवा हात मांडीवर, डावा त्यावर. त्यांनी मास्तरांकडे बघून मान हलवली आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागले. मास्तरांना वाटलं, टेम्पोची भीती अजून गेली नसावी.

ताई गाडी छान चालवत होती. मास्तरांना हे कबूल करावं लागलं. ती घाई करत नव्हती, खड्डा लांबून हेरत होती, आणि ब्रेक दाबून सोडला की पाय पुरता बाजूला घेत होती. उतार लागला. पाच मिनिटं, सात मिनिटं. वाहनांची गर्दी होती, ब्रेक सारखा लागत होता. उताराच्या शेवटी पेट्रोलपंपाजवळ गाडी जड झाली. मास्तरांना ते सीटमधूनच जाणवलं.

"बघ," ताई म्हणाली. "आला का तुझा जड पाय?"

"डावीकडे घे. पंपाच्या आत. इंजिन बंद करू नकोस, गिअर काढ. आणि ताई..."

"काय?"

"चुकलो मी."

"ते नंतर. आधी बघ."

गाडी कण्हत कण्हत पंपाच्या कडेला आली आणि घट्ट उभी राहिली. मास्तर उतरले, चाकांना ठोकळे लावले आणि फेरी मारली. पालथा हात पुढच्या डाव्याला: चटका. पुढच्या उजव्याला: चटका. मागच्या दोन्हींना ताप, पण कमी. चारही फुल्या पडल्या. एका चाकाचा दोष कधीच नव्हता. तीन आठवडे ते हातापायांना औषध लावत बसले होते आणि दुखणं भलतीकडेच होतं.

बॉनेट उघडून त्यांनी मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या नळीचा नट पान्याने अर्धा वेढा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि पुढची चाकं सुटल्याची 'टुक' त्यांना ऐकू आली. दुसऱ्या नळीचंही तेच. म्हणजे जोर चाकात किंवा नळीत अडकत नव्हता. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशीच अडकत होता. नट आवळून त्यांनी ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं.

"ताई, ब्रेक अगदी सावकाश दाब. दह्यात बोट बुडवल्यासारखा."

ताईने दाबला. मास्तर डब्यात बघत राहिले. पेडल हलताच पहिल्या क्षणी ऑइलवर छोटा कारंजा दिसायला हवा. पंपातलं एक बारीक भोक बंद होण्याआधी थोडं ऑइल डब्यात परत फेकलं जातं. ब्रेक सोडल्यावर त्याच भोकातून सगळा जोर परत येतो.

ऑइल हललंही नाही.

"पुन्हा."

तसंच. भोक आधीपासूनच झाकलेलं होतं. पाय ब्रेकवर नसतानाही कोणीतरी ती दांडी किंचित पुढे रेटून धरली होती. गार असताना भोक जेमतेम, केसाएवढं उघडं राहत असणार. उतारावर ऑइल तापलं, फुगलं, आतली रबरं नरमली, की तेवढीही वाट बंद. मग तापलेलं ऑइल जाणार कुठे? ते चाकांनाच आवळत बसतं.

मास्तरांनी नटाकडे पाहिलं. पिवळी रेघ रेघेला जुळलेली. दांडी तीच आणि तेवढीच. मग ती रेटतं कोण?

ते ड्रायव्हरच्या दाराशी आले. "ताई, जरा उतर." गुडघे कुरकुरत होते, तरी ते पाठीवर आडवे झाले आणि डोकं पेडलांखाली घालून टॉर्च वर मारला.

ब्रेकच्या पेडलचा लोखंडी दांडा वर जिथे येऊन थांबतो, तिथे चामड्याचा एक तुकडा चिकटवलेला होता. दोन थर. कडा बारीक तासलेल्या, कोपरे गोल केलेले, गोंदाचा एक थेंबही बाहेर नाही. एवढं सुबक काम कुठल्याही गॅरेजात होत नाही. आणि वरच्या थराच्या बरोबर मध्ये एक गोल भोक होतं. घड्याळाच्या पट्ट्याला बक्कल अडकवायला असतं तसं.

मास्तरांनी टॉर्च बाजूला वळवला. त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भाऊजींचे बूट होते. बूट जराही हलत नव्हते.

"सापडलं का रे?" बाहेरून ताईचा आवाज आला.

सांगावं की नाही, याचा विचार मास्तरांनी त्या आडव्या अवस्थेत केला. तुकडा ओढून खिशात टाकला तर कोणाला काहीच कळणार नव्हतं. आणि सांगितलं तर भाचा उद्या म्हणणारच, बघा, एकाचा हात लुळा आणि तो गाडीची यंत्रं उचकतो. किल्ली मग कोणीही वाचवू शकत नव्हतं.

पण भाऊजींनीच ते सोडवलं.

"मी," ते म्हणाले. शब्द जोर लावून, एकेक करून येत होते. "मी लावला. पट्टा."

ताई वाकली. "कसला पट्टा? अहो, काय बोलताय?"

"टक," भाऊजी म्हणाले. "सोडलं की टक. दर वेळी टक."

आता मास्तरांना आठवलं. पेडल सोडलं की दांडा वरच्या पट्टीवर आदळतो, तो आदळू नये म्हणून तिथे कंपनीने एक रबरी गोळी बसवलेली असते. या गाडीतली ती झिजून कधीच पडली होती. सहा वर्षांपूर्वी दांडी बसवताना त्यांनी ते पाहिलंही होतं. गोळी हाताशी नव्हती. पुढच्या वेळी बघू, असं म्हणून त्यांनी गोळीशिवायच माप धरलं होतं आणि त्यावर पिवळी रेघ ओढली होती.

"घड्याळ," भाऊजी म्हणाले, "नीट असलं की... टकटक सारखी. ही वेडीवाकडी. डोक्यात जाते." त्यांनी दम घेतला. "चार दुपारी लागल्या. ही झोपली की. डाव्या हाताने."

"डाव्या हाताने?" ताईचा आवाज बदलला. "तुम्हाला डाव्या हाताने चमचा धरता येत नाही म्हणून मी भरवते रोज!"

"चमचा... कंटाळवाणा," भाऊजी म्हणाले.

पंपावरचा हवा भरणारा माणूस लांबून बघत होता. गाडीत पेडलांखाली अर्धवट घुसलेला एक म्हातारा हसतोय, आणि बाहेर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी आहे.

"अहो, पण तेव्हाच सांगायचं नाही का?" ताईला हसू येत नव्हतं. "तीन आठवडे माझा जीव टांगणीला! टेम्पोखाली गेलो असतो!"

भाऊजींनी मान खाली घातली. "आधी कळलं नाही. मग... टेम्पोनंतर वाटलं. तेव्हा भीती वाटली. तो नेईल म्हणून."

'तो' कोण, हे विचारावं लागलं नाही.

मास्तर बाहेर आले आणि उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. "ताई, त्यांना नको बोलूस. त्यांनी लावलं ते बरोबरच लावलं. तिथे काहीतरी असायलाच हवं होतं. माझं माप चुकीचं होतं, आणि त्या मापावर रेघ ओढून मी बिनघोर झालो. परक्या गिऱ्हाइकाला मी पहिल्या मिनिटाला विचारतो, शेवटचा हात कोणाचा. तुझ्या घरात विचारलंच नाही. मला वाटलं, माझाच."

"काखेत कळसा," ताई म्हणाली, आणि म्हण पुरी न करता भाऊजींचा घाम रुमालाने टिपू लागली. जरा जोरातच टिपला.

आता दोन वाटा होत्या. तुकडा काढून टाकायचा, म्हणजे टक परत येणार. किंवा तुकडा ठेवायचा आणि दांडी आखूड करायची. मास्तरांनी फार विचार केला नाही. नटावरची पिवळी रेघ पान्याच्या टोकाने खरवडून टाकली, नट सैल केला, दांडी दीड वेढा मागे घेतली आणि पेडल बोटाने दाबून पाहिलं. आधी जरासा रिकामा खेळ, मग पंपाचा जोर. झाकण काढून ताईकडून पुन्हा सावकाश दाबून घेतलं. ऑइलवर बोटभर कारंजा उठला.

"भाऊजी," त्यांनी विचारलं, "घड्याळाच्या चाकाच्या टोकाला किती जागा सोडता?"

भाऊजींनी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली. मध्ये उजेड दिसेल न दिसेल, एवढीच फट. "नाही सोडली... तर अडतं."

"इथेही तेच. तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर..."

"तुम्ही मला," भाऊजी म्हणाले.

त्या दिवशी ते दवाखान्यात पंचवीस मिनिटं उशिरा पोहोचले.

रविवारी सकाळी भाचा आला तेव्हा मास्तरांनी त्याला दुकानातल्या भिंतीपुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. पट्टा कोणाचा, रेघ कोणाची, काहीही न गाळता. भाच्याचा चेहरा मध्येच तापला.

"म्हणजे बाबांनीच ब्रेकमध्ये..."

"बाबांनी एक पडलेली गोळी परत बसवली. माझ्या मापात ती बसणार नव्हती. अडली ती माझ्या मापामुळे. अठ्ठेचाळीस वर्षांत मी आपलं काम कधी उलटून पाहिलं नाही, त्याचं हे फळ. आता तू माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नकोस. चल, बस मागे."

ताईने गाडी चालवली. भाऊजी पुढे, मामा-भाचे मागे गुडघे छातीशी घेऊन. उतार दोनदा केला. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. ताई मुद्दाम जिथे गरज नाही तिथेही ब्रेक मारत होती. भाच्याचं कपाळ दोनदा पुढच्या सीटवर आपटलं. पेट्रोलपंपाशी थांबून मास्तर म्हणाले, "उतर. हात लाव. पालथा. तळहात नको."

भाचा चारही चाकांपाशी वाकला. ब्रेक वापरले की चाक कोमट होतंच, तेवढंच होतं. चटका कुठेच नव्हता. मग त्याने गिअर काढून गाडीला मागून एका हाताने ढकललं. गाडी हातभर सहज सरकली.

त्याने हात झटकले. मग वडिलांच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी काही करायचं तर आईला सांगून करा."

"मामाला," भाऊजी म्हणाले. "ही ओरडते."

"सहा महिने बघू," भाचा आईला म्हणाला. "मी दर महिन्याला येईन, आणि येईन तेव्हा चाकांना हात लावीन. आढळलं काही, तर मग मी कोणाचं ऐकणार नाही."

"लाव की," ताई म्हणाली. "आणि येताना सुनेला घेऊन ये. तिला शिकवते चालवायला." किल्ली तिने पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

सोमवारी डेंटर कामावर आला तेव्हा मास्तर स्टुलावर उभे राहून भिंतीवर गिरवत होते. चार प्रश्न तेच होते. चौथ्याच्या खाली तीन शब्द नवे आले होते: माझा असला तरी.

"हे काय?" डेंटरने विचारलं.

"काही नाही. ती पलीकडची निळी गाडी आत घे. मीच केली होती गेल्या वर्षी." खडू कानावर ठेवून मास्तर स्टुलावरून उतरले, आणि पहिल्या चाकाला पालथा हात लावायला गेले.